लिस्बनची तिजोरी कोण फोडणार?

1961 च्या डिसेंबरात भारतीय फौजा गोव्याच्या सीमेवर येऊन थांबल्या, त्याच सुमारास पणजीतल्या बांको नासिओनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेने आपला गाशा गुंडाळला. त्या गाशात गोमंतकीयांचं गहाणाचं सोनंही गेलं. लग्नकार्यासाठी, आजारपणासाठी, घर शाकारण्यासाठी गहाण पडलेले दागिने मुक्तीआधीच लिस्बनला पोचले आणि परत आले ते थेट 1991 साली. मधल्या तीस वर्षांत ज्यांच्या हातातल्या त्या बांगड्या, त्यातल्या कित्येकजणी राहिल्याच नाहीत.

आता हीच गोष्ट जरा वाकवू. साल 1965. लिस्बनच्या गल्ल्यांतून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे गुप्त पोलीस फिरताहेत. फोंड्याची एक विधवा, मडगावचा एक तियात्रिस्त (कोकणी तियात्र नाटकांतला नट) आणि आयुष्यभर बोटींवर रांधलेला बार्देशचा एक कुजनेर, म्हणजे आचारी, असे तिघे बँकेच्या त्याच तिजोरीवर डोळा ठेवून उतरले आहेत. आपल्या जगात जे काम व्हायला तीन दशकं लागली, ते त्यांच्या जगात एका रात्रीत होणार आहे. विधवेजवळ गहाणाची पावती आहे आणि ती ठणकावून सांगते, ‘मी चोरी करायला आलेली नाही, मी सोडवायला आले आहे.’

हा चित्रपट अस्तित्वात नाही. तो असावा, आणि तो ॲनिमेशनमध्ये असावा, असं माझं म्हणणं आहे. गोव्याच्या इतिहासावर पडद्यासाठी काही करायचं म्हटलं की आपल्याकडे दोनच साचे बाहेर निघतात. एकात समुद्र, दारू आणि मुंबईहून आलेली चार पोरं. दुसऱ्यात जड आवाजातलं निवेदन, फडकता झेंडा आणि हुतात्म्यांच्या तसबिरी. पहिल्यात गोवा नाही, आणि दुसरा पाहताना दहा वर्षांचं मूल पाचव्या मिनिटाला मोबाइल मागतं. त्या मोबाइलवर ते काय बघतं? बरेचदा जपानी ॲनिमेशन, आणि त्यात चोर असतातच.

जपानी लोकांनी या प्रकारात काय साधलं आहे ते नीट पाहण्यासारखं आहे. माँकी पंच या टोपणनावाच्या चित्रकाराने 1967 मध्ये ‘लुपाँ तिसरा’ ही चित्रकथा सुरू केली. तिचा नायक हा मोरिस लब्लाँ या फ्रेंच लेखकाने 1905 मध्ये जन्माला घातलेल्या सभ्य चोराचा नातू. म्हणजे आजोबासुद्धा उसना! 1979 मध्ये हायाओ मियाझाकी यांनी आपला पहिला मोठा चित्रपट केला तो याच चोरावर. त्यात युरोपच्या नकाशावर नसलेलं एक टिचभर संस्थान आहे. तिथल्या गढीत शतकानुशतकं खोट्या नोटा छापल्या जातात आणि खऱ्या इतिहासातल्या उलथापालथींमागे त्याच नोटा होत्या, असं गमतीत मानलं आहे. संस्थान खोटं, उलथापालथी खऱ्या. प्रेक्षकाला दोन्ही ठाऊक असतं आणि सगळी मजा त्या ठाऊक असण्यातच आहे.

ते खोटं संस्थान बाजूला ठेवून आपल्या जुन्या राज्यकर्त्यांच्या खऱ्या राजधानीत काय घडलं ते बघा. 1924-25 मध्ये आल्व्हिश दुश रेइश नावाच्या माणसाने पोर्तुगालच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने बनावट करारपत्र तयार केलं आणि लंडनच्या वॉटरलो आणि सन्स या छापखान्याकडून नोटा छापून घेतल्या. नोटा खोट्या नव्हत्या, हीच त्यातली मेख. बँकेच्या नोटा छापणारा तोच छापखाना, त्याच प्लेटा, तोच कागद. खोटी होती फक्त ऑर्डर. नोट 500 एश्कुदुंची आणि तिच्यावर चित्र कुणाचं, तर वास्को द गामाचं. त्या पैशातून या गृहस्थाने स्वतःची बँक काढली, मध्यवर्ती बँकेचेच शेअर विकत घ्यायला सुरुवात केली (आपल्याला पकडू शकणारी एकमेव संस्थाच खरेदी करायची, काय डोकं आहे!) आणि डिसेंबरात एकाच क्रमांकाच्या दोन-दोन नोटा सापडल्यावर तो अडकला. आधीच डळमळीत असलेल्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाची उरलीसुरली पत त्यात गेली. 28 मे 1926 रोजी लष्कराने सत्ता घेतली. 1928 मध्ये सालाझार अर्थमंत्री झाला, 1932 मध्ये पंतप्रधान. त्याच्या हट्टापायी गोवा 1961 पर्यंत अडकून पडला.

एका भामट्यामुळेच हे सगळं झालं असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रजासत्ताक पडायला कारणं बरीच होती. पण समजा, पहिल्याच महिन्यात एखाद्या बँक कारकुनाला दोन सारख्या क्रमांकाच्या नोटा दिसल्या असत्या तर? या एका प्रश्नातून बारा वर्षांच्या मुलाला दोन महायुद्धांमधला पोर्तुगाल समजू शकतो. पाठ्यपुस्तकातल्या ‘सालाझारची हुकूमशाही’ या उपशीर्षकाखालच्या सात ओळींतून तो समजत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो पालकसभेत हमखास येणारा आहे. चोराला नायक केलं तर मुलं काय शिकतील?

हा आक्षेप घेणारे बरेचजण दरवर्षी आषाढात म्हाशेलला चिखलकाल्याला जातात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर बाप्ये आणि पोरं अंगाला तेल चोपडून त्या लाल चिखलात लोळतात, बाळकृष्णाचे खेळ खेळतात आणि शेवटी दहीहंडी फोडतात. ज्या देवाच्या नावाने हे चालतं तो अख्ख्या भरतखंडातला सर्वांत लाडका चोर. पण म्हाशेलच्या देवाची गंमत इथेच संपत नाही. हा देव मुळात म्हाशेलचा नाही. तो चोडण बेटावरचा. पोर्तुगीजांच्या धाकाने भक्तांनी मूर्ती आधी मये गावात नेली आणि तिथून म्हाशेलला. लोणीचोर स्वतःच पळवून नेला गेला, आणि नेणारे होते त्याचेच भक्त.

एकट्या म्हाशेलची ही कथा नाही. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. झुआरीच्या अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे अंत्रूज महाल, म्हणजे आजचा फोंडा, जिथे तेव्हा त्यांचा अंमल नव्हता. अलीकडे मूर्तिपूजेलाच गुन्हा ठरवणारे हुकूम सुटत होते. काळोखात होडीत मूर्ती ठेवून नदी ओलांडणारा माणूस त्या दिवशीच्या कायद्याने गुन्हेगार होता. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराचं लिंग तर विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामाला लावलं होतं आणि ते तिथून उचलून डिचोलीकडे नेलं, असं सांगतात. पुढे 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तो याच देवाचा. क्षणभर भक्तिभाव बाजूला ठेवा आणि ही घटना नुसती घटना म्हणून बघा. पहारा आहे. पाळत ठेवणारे हेर आहेत. भरती-ओहोटीची वेळ साधायची आहे. उचलायची वस्तू जड आहे आणि तिला ओरखडाही जाता कामा नये. बातमी फुटली तर घरदार जाणार. चोरांच्या चित्रपटाला लागणारं सगळं यात आहे. फोंडा तालुक्यातलं जवळजवळ प्रत्येक मोठं देवस्थान अशा एका रात्रीवर उभं आहे, आणि आम्ही ती रात्र मंदिराच्या माहितीफलकावरच्या एका वाक्यात उरकतो: ‘मूर्ती येथे स्थलांतरित करण्यात आली.’

जत्रेच्या रात्री देवळाच्या मांडावर देवलांचं ‘मृच्छकटिक’ लागलेलं पाहिलेले लोक अजून आहेत. त्यातला शर्विलक आठवतो? भिंतीला भोक कुठल्या आकाराचं पाडावं, कमळाचं की चंद्रकोरीचं, याचा विचार करणारा चोर. मोजायची दोरी विसरला म्हणून जानव्याने माप घेणारा. तो चोरतो काय, तर वसंतसेनेने चारुदत्ताकडे विश्वासाने ठेवलेले दागिने. चोरतो कशासाठी, तर मदनिकेला दास्यातून सोडवायला. ते दागिने फिरून वसंतसेनेकडेच येतात आणि मदनिका मोकळी होते. ठेव, चोरी, सुटका. लिस्बनला गेलेल्या सोन्याची गोष्ट आपल्या रंगभूमीने ते सोनं जाण्याच्या कितीतरी आधी बसवून ठेवली होती. पुढच्या काळात रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या ‘काळा पहाड’ या पात्रावर मराठी वाचकांच्या दोन पिढ्या पोसल्या. त्यातले किती दरोडेखोर झाले, याची मोजदाद आक्षेप घेणाऱ्यांनी करून पाहावी.

सत्तरीतल्या झर्मे गावचा चोरोत्सव मला याहून महत्त्वाचा वाटतो. शिगम्याच्या दिवसांत तिथे माणसांना जमिनीत गाडून घेतात, कुणाचं नुसतं डोकं वर दिसतं. गावाने कधीकाळी परक्या माणसांना चोर समजून मारलं, ते निरपराध निघाले, त्याची ही आठवण, असं सांगतात. चोर कुणाला म्हणायचं हा प्रश्न एका लहानशा गावाने आपल्या सणात कायमचा गाडून, म्हणजे जपून ठेवला आहे. आणि आम्ही विचारतो, हा विषय मुलांना झेपेल का!

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. आधीच इतिहासाची मोडतोड कमी होते आहे का, त्यात तुम्ही मुद्दाम खोटा इतिहास दाखवणार?

मोडतोड होते, पण ती ‘सत्य घटनेवर आधारित’ या पाटीखाली. सुरुवातीला तीन सेकंदांची बारीक अक्षरांतली सूचना आणि मग अडीच तास ठाम, गंभीर, पार्श्वसंगीताने भरलेलं खोटं. ते पाहून बाहेर पडलेल्याला काय खरं आणि काय रचलेलं हे सांगता येत नाही. पर्यायी इतिहास, म्हणजे ‘असं झालं असतं तर’ची गोष्ट, अशा फसवणुकीची सोयच ठेवत नाही. तो पहिल्या चौकटीतच कबूल करतो की हे घडलेलं नाही. 1510 ला गोव्यावर चाल करून आलेला पोर्तुगीज आफोंसु द आल्बुकेर्क जिंकलाच नाही, असं दाखवायचं तर प्रेक्षकाला तो जिंकला होता हे माहीत असावं लागतं. नाहीतर विनोद वाया जातो. त्यामुळे असा चित्रपट आपल्या प्रेक्षकाकडून खऱ्या इतिहासाची थोडी तरी मागणी करतो. ‘सत्य घटने’वाला चित्रपट नेमका उलटा, प्रेक्षक जितका अजाण तितका त्याला सोयीचा.

मात्र फाटा कुठे फोडायचा, इथे खरी परीक्षा आहे. आम्हा मराठी मंडळींना विचारलं तर हात चटकन 1683 वर जाईल. संभाजी महाराजांनी त्या नोव्हेंबरात जुवे बेटावरचा किल्ला घेतला, गोवा शहर समोर दिसत होतं, विजरईने, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयने, हवालदिल होऊन आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पायाशी ठेवला. जानेवारीत शाहआलमची मोगल फौज आली नसती तर? प्रश्न रास्त आहे. पण त्यावर आज चित्रपट निघाला तर त्यात घोडे असतील, तुताऱ्या असतील आणि शेवटी सगळे आपले जिंकतील. ज्या पर्यायी जगात सगळे आपलेच जिंकतात, त्याला मी कल्पनाशक्ती म्हणणार नाही. तो मिरवणुकीचा फलक झाला.

चोरांच्या गोष्टीचा एक गुण असा की तिला मिरवणूक मानवत नाही. चोर दुबळा असतो. त्याला शत्रूची भाषा यावी लागते, शत्रूच्या जेवणाच्या वेळा माहीत असाव्या लागतात, शत्रूच्या घरातला एखादा माणूस फोडावा लागतो आणि त्यासाठी आधी तो माणूस समजून घ्यावा लागतो. म्हणून माझं मत 1787 ला. कांदोळीच्या पिंतो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा तो कट. त्यात ख्रिस्ती पाद्री होते, देशी शिपाई-अधिकारी होते. पोर्तुगीज सत्ता उलथून स्वतःचं राज्य आणायचा बेत फुटला आणि 15 जणांना फाशी झाली. फ्रान्सची राज्यक्रांती अजून दोन वर्षं लांब होती. समजा, कट फुटला नाही. 1790 च्या दशकात मांडवीच्या मुखावर पाद्री, शिपाई आणि शेणवी मिळून चालवत असलेलं एक चिमुकलं प्रजासत्ताक आहे. एका बाजूला पेशवे, दुसऱ्या बाजूला टिपू, समुद्रात इंग्रज, आणि खजिना रिकामा. अशा राज्याला चोराचीच गरज पडेल.

याच कटाच्या धामधुमीत लिस्बनहून पॅरिसला निसटला तो कांदोळीतच जन्मलेला जुझे कुश्तोदियु द फारिया, आबे फारिया. संमोहनशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक. अलेक्सांद्र द्युमाने त्याचं नाव उचललं, त्याला इटालियन केलं, ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मध्ये तुरुंगात टाकलं, चुकीच्या दिशेने भुयार खोदायला लावलं आणि त्याच्या हाती एका प्रचंड खजिन्याचा पत्ता दिला. आपल्या माणसाचा पर्यायी इतिहास परक्याने लिहिला आणि जगभर वाचला गेला. आपण पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा उभा केला. हात पसरून उभा असलेला उग्र पाद्री आणि त्याच्यापुढे कोसळत असलेली बाई. पर्यटक तिथे तशीच पोज घेऊन फोटो काढतात आणि हा कुणी मांत्रिक असावा असं समजून पुढे जातात. आपल्याकडून एवढंच झालं.

1967 च्या जनमत कौलाला मात्र कुणी हात लावेल असं मला वाटत नाही. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. दोन पानं 34,021 मतांनी जिंकली. फूल जिंकलं असतं तर आज गोवा कसा असता, यावर एखादी हलकीफुलकी, खट्याळ, दोन्ही बाजूंना चिमटे काढणारी अर्ध्या तासाची फिल्म बनली आणि ती मराठीवादी व कोकणीवादी शेजारी बसून हसत पाहताहेत, असं दृश्य मला कल्पनेतही रंगवता येत नाही. साठ वर्षं होत आली तरी फूल की पानं यावर जेवणाच्या पंगतीत आवाज चढतात. म्हणून सुरुवात तिथून नको एवढंच म्हणतो. कधीच नको असं नाही.

एक जागा अशी आहे की जिथे खट्याळपणाने आत शिरताना पाय जपून टाकायला हवा. 1560 ते 1812, मधली काही वर्षं सोडून, गोव्यात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) चालू होतं. जुन्या गोव्यातल्या त्याच्या वाड्याला लोक ‘व्हडलें घर’ म्हणत आणि नाव घेताना आवाज खाली आणत. त्यातल्या यातनांवर विनोद होऊ शकत नाही, आणि त्यांचा सूड आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्यावर उगवणारी गोष्ट तर मुळीच होऊ नये. तिथे भरडले गेले त्यांत नव्याने ख्रिस्ती झालेले गोमंतकीय फार मोठ्या संख्येने होते, हे अ. का. प्रियोळकरांचा ग्रंथ उघडणाऱ्याला लगेच दिसतं. तरीही त्या घरातली एक चोरी मला पाहायला आवडेल. धर्मन्यायालय बंद झाल्यावर त्याची गोव्यातली बहुतेक दप्तरं जाळून टाकली गेली. कुणाची नावं होती, कुणी कुणाविरुद्ध सांगितलं, सगळं धुरात गेलं. कुणीतरी आदल्या रात्री आत शिरून ती दप्तरं पळवली असती तर? सोनं नाही, हिरे नाहीत, नुसते कागद. आणि पळवणाऱ्यांपैकी एकाला ठाऊक आहे की त्यातल्या एका कागदावर साक्षीदार म्हणून त्याच्याच आजोबांचं नाव आहे. याला प्रौढ प्रेक्षक लागेल हे मान्य. ॲनिमेशन मुलांसाठीच असतं ही समजूतही आपण कधीतरी टाकायला हवी.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. ॲनिमेशन महाग आहे, वेळखाऊ आहे, हे खरं. पण सोळाव्या शतकातलं गोवा शहर सेट लावून उभं करण्यापेक्षा ते कागदावर उभं करणं स्वस्त पडतं. त्या शहरातल्या कितीतरी इमारती आज नाहीतच, त्या कुणी तरी काढायलाच हव्यात. काढणारे हात आपल्याकडे आहेत. पणजीत आल्तिनोवर कला महाविद्यालय आहे, तिथून दरवर्षी मुलं शिकून बाहेर पडतात आणि बरीचशी बंगळूर-पुण्याला जाऊन दुसऱ्यांच्या जाहिराती रंगवतात. मारिओ मिरांदाने लोटलीतल्या आपल्या घरी बसून गोव्याची माणसं कशी काढायची याचा वस्तुपाठ घालून दिला आहे. ती बारीक रेघ, ते फुगलेले गाल, बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून रस्त्याकडे बघणाऱ्या त्या बाया. चोरांच्या टोळीला याहून चांगली पार्श्वभूमी कुठली? 2004 पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. जगभरचं ॲनिमेशन आपण त्या आठ-दहा दिवसांत रांगा लावून पाहतो, आणि उरलेले दिवस गोव्यातल्या चित्रपटांसाठीचं अनुदान कथापट आणि माहितीपट यांच्या वाटणीत संपतं.

भाषेचाही विचार आत्ताच व्हायला हवा. अशी फिल्म हिंदीत करून मग मराठी-कोकणीत डब करायची वेळ आली तर ती करूच नये. त्या विधवेने फोंड्याची मराठी बोलावी, तियात्रिस्ताने सासष्टीची कोकणी, कुजनेराने बोटीवर शिकलेली तोडकीमोडकी पोर्तुगीज, आणि तिघांचं एकमेकांशी भांडण तिन्ही भाषांत व्हावं. गोव्यात भांडणं तशीच होतात.

अनुदानाच्या अर्जात ॲनिमेशनसाठी वेगळा विभाग आणि वीस मिनिटांच्या नमुनाफितीपुरती रक्कम, एवढंच मागायचं आहे. परीक्षकांत एक इतिहासाचा जाणकार असावा, आणि त्याचं काम पटकथेतल्या चुका काढणं नसून प्रत्येक चूक जाणूनबुजून केलेली आहे ना, एवढंच तपासणं असावं.